बेंचवरच्या क्वार्टरबॅकनं कॉलेज बदलावं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन हल्ला चालवणारा खेळाडू, आहे. पहिलं वर्ष रेडशर्टमध्ये, म्हणजे हंगाम खर्ची न पडू देता बाहेर बसून, गेलं. दुसऱ्या वर्षी तीन सामन्यांत थोडा थोडा खेळला, तोही निकाल लागून गेल्यावर, चौथ्या क्वार्टरच्या शेवटी. आता कोच पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एक अनुभवी क्वार्टरबॅक आणणार अशी कुजबुज आहे आणि मुलगा म्हणतोय, मग मीही निघतो. वडिलांचं विचारणं असं की कॉलेज बदललं तर ‘हा कुठे टिकत नाही’ असा शिक्का बसेल का, आणि निघायचंच असेल तर कुठे आणि कसं?

शिक्क्याची काळजी आधी मिटवू. 2017 ते 2025 या नऊ वर्षांत हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार, सात क्वार्टरबॅकनी जिंकली. त्यातले सहा जण कॉलेज बदललेले: बेकर मेफिल्ड, कायलर मरे, जो बरो, केलेब विल्यम्स, जेडेन डॅनियल्स आणि फर्नांडो मेंडोझा. एका ब्राइस यंगनं तेवढं सगळं अलाबामातच केलं. एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, संघ कॉलेज बदलल्याचे गुण कापत नाहीत. ते फिल्म, म्हणजे सामन्यांतल्या खेळाचं चित्रण, बघतात. त्यामुळे तुमच्या मुलाची खरी अडचण शिक्क्याची नाही. दोन वर्षं झाली तरी त्याच्याजवळ दाखवण्यासारखी फिल्म नाही, ही खरी अडचण आहे.

ही अडचण बाहेरून दिसते त्याहून मोठी असते. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आठवडाभर सराव करतो म्हणजे नेमकं काय करतो? तो स्काउट टीम चालवतो. समोर एक सहायक कोच मोठं कार्ड धरून उभा असतो, त्यावर येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचा प्ले काढलेला असतो आणि हा पोरगा तो वाचून आपल्याच डिफेन्ससमोर चालवतो. म्हणजे स्वतःच्या संघाचं प्लेबुक त्याच्या हाताखालून जातच नाही. मीटिंगमध्ये ऐकतो, टॅब्लेटवर बघतो, पण सेंटरकडून चेंडू घेऊन, आपल्याच रिसीव्हरच्या वेगाचा अंदाज घेऊन फेकणं हे पहिल्या फळीसोबतच होतं, आणि सरावातले बहुतेक रेप्स (प्ले प्रत्यक्ष चालवण्याच्या पाळ्या) पहिल्या दोघांत वाटले जातात. दोन वर्षं अशी गेली की गुणी मुलगाही जागच्या जागी राहतो. म्हणून ‘थांब, संधी येईल’ हा सल्ला रिसीव्हरला किंवा लाइनबॅकरला लागू पडतो, क्वार्टरबॅकला सहसा पडत नाही. रिसीव्हर चार-पाच खेळतात, क्वार्टरबॅक एकच.

थांबून फायदा झालेल्यांमध्ये जो बरोचं नाव हमखास निघतं. तो ओहायो स्टेटला तीन हंगाम मागे उभा राहिला, 2018च्या स्प्रिंगमध्ये ड्वेन हॅस्किन्सशी स्पर्धा केली, निकालाचा रंग बघितला, तोवर पदवी हातात आली होती, आणि मे महिन्यात एलएसयूला गेला. हा रस्ता आज बंद आहे. तेव्हा एका एफबीएस (कॉलेज फुटबॉलची सर्वांत वरची श्रेणी) शाळेतून, म्हणजे कॉलेजातून, दुसऱ्या एफबीएस शाळेत गेलं की एक वर्ष बसावं लागायचं, पदवी घेतलेल्यांना सूट होती. 2021मध्ये सगळ्यांना एकदा बसण्यावाचून बदल करता येऊ लागला आणि एप्रिल 2024पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा. मोकळीक वाढली, पण वेळ आकसली. आधी डिसेंबर आणि एप्रिल अशा पोर्टलमध्ये नाव घालण्याच्या दोन खिडक्या होत्या. आता स्प्रिंगची खिडकीच काढून टाकली आहे. 2025च्या हंगामानंतर एकच खिडकी ठेवली गेली: 2 ते 16 जानेवारी 2026. म्हणजे स्प्रिंगच्या 15 सरावांत कोण पुढे राहतो ते बघून मग ठरवू, असं आता करता येत नाही. एप्रिलमध्ये कळलं की आपण तिसरेच आहोत, तर ऑगस्टमध्येही तिथेच तिसरे राहायचं. हेड कोच गेला तर वेगळी 15 दिवसांची खिडकी उघडते, पण त्यावर कुणी योजना आखू नये.

यामुळे हंगाम संपल्या संपल्या कोचशी बोलणं भाग आहे. मुलानं एकट्यानं जावं, पालकांनी नाही. ‘माझं इथे भविष्य काय?’ असं विचारू नये. त्यावर ‘तू आमच्या योजनेत आहेस’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: स्प्रिंगमध्ये पहिल्या फळीसोबतचे किती टक्के रेप्स मला मिळतील? पोर्टलमधून क्वार्टरबॅक घेणार आहात का, आणि त्याची किती वर्षं शिल्लक असतील? येणाऱ्या फ्रेशमनपैकी (पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी) कुणाला खेळवण्याचं वचन दिलंय? ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याचे प्ले ठरवणारा कोच, राहणार आहे का? चांगला कोच यांतल्या किमान दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. आकडा टाळून कौतुक सुरू झालं तर उत्तर मिळालं असं समजा. आणणार आहेत तो अनुभवी क्वार्टरबॅक एकाच वर्षाचा असेल तर थांबण्यात काही अर्थ आहे, कारण मुलगा किमान दुसऱ्या क्रमांकावर येतो आणि त्याला त्याचे रेप्स मिळतात. तो दोन वर्षांचा असेल तर तुमच्या मुलाच्या हिशेबात बसत नाही.

हिशेब कसला, तर घड्याळाचा. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून पाच वर्षं, त्यात चार हंगाम. 2018पासून चार किंवा कमी सामने खेळलं तर हंगाम खर्ची पडत नाही. त्यामुळे बऱ्याच पालकांना वाटतं की दुसऱ्या वर्षी तीनच सामने झाले, म्हणजे तेही वर्ष वाचलं. कागदावर वाचलं असेल, पण पाच वर्षांचं घड्याळ थांबलेलं नाही. जास्तीचं एकच वर्ष होतं, ते पहिल्याच वर्षी रेडशर्टमध्ये वापरून झालं. तुमच्या मुलाची तीन वर्षं उरली आहेत, चार नाहीत. क्वार्टरबॅक डिएगो पावियानं 2024च्या शेवटी कोर्टात जाऊन ज्युनियर (दोन वर्षांच्या) कॉलेजची वर्षं मोजू नका असा हंगामी आदेश मिळवला आणि व्हँडरबिल्टकडून आणखी एक हंगाम खेळला, हे खरं. पण कोर्टाच्या आशेवर कॉलेज निवडू नये.

तीन वर्षांपैकी एक नवीन ठिकाणी शिकण्यात जातं, असं धरूनच चाला. बरोचीच उदाहरणं सगळे देतात, पण एलएसयूतलं त्याचं पहिलं वर्ष कुणी सांगत नाही. 2018मध्ये त्यानं 16 टचडाउन पास टाकले आणि 57.8 टक्के पास पूर्ण केले. चांगला, पण डोळे दिपवणारा नव्हे. दुसऱ्या वर्षी सेंट्समधून जो ब्रेडी पासिंगची जबाबदारी घेऊन आला, तेच रिसीव्हर मोठे झाले, बरोला तोवर शाळेची बोली अंगवळणी पडली होती, आणि 60 टचडाउन, 76.3 टक्के, 15-0 हा 2019चा हंगाम झाला. जेडेन डॅनियल्सनंही हाइजमन एलएसयूच्या दुसऱ्या वर्षी जिंकली. म्हणून एकच वर्ष उरलेलं असताना नव्या पद्धतीच्या ऑफेन्समध्ये उडी मारणं जोखमीचं, आणि तीन उरलेली असताना निघणं तुलनेनं शहाणपणाचं. वेळेपुरतं बोलायचं तर मुलाचं बरोबर आहे.

आता कुठे? इथे बहुतेक घरं चुकतात. यादी करताना शाळेचं नाव, स्टेडियम, पैसे असा क्रम लागतो. माझा क्रम वेगळा असतो: कोऑर्डिनेटर, डेप्थ चार्ट (प्रत्येक जागेसाठीची खेळाडूंची क्रमवारी), ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारे पाच जण), मग बाकी.

कोऑर्डिनेटर आधी का, ते एका प्लेमध्ये बघू. थर्ड डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, अजून सात यार्ड पुढे जायचंय. समोर सहा जण लाइनवर चिकटून उभे. प्रोटेक्शन पाच लाइनमनचं, रनिंग बॅक बाहेर पळणार आहे. सहाही आले तर एक मोकळा सुटणार, हे चेंडू हातात येण्याआधी कळलं पाहिजे. काही पद्धतींत ‘माइक’ (ज्याच्यावरून प्रोटेक्शन ठरतं तो लाइनबॅकर) कोण हे सेंटर ओरडून सांगतो, काहींत ते क्वार्टरबॅकचं काम. काही ठिकाणी अशा वेळी रिसीव्हर आपोआप मार्ग आखूड करतो, काही ठिकाणी क्वार्टरबॅकनं इशारा केल्याशिवाय करत नाही. या दोन गोष्टी बदलल्या की अनुभवी मुलगाही अडखळतो, कारण जुनी सवय आधी बोलते. वर भाषेचा घोळ. एअर रेड या ऑफेन्सच्या पद्धतीत ‘मेश’ म्हटलं की पाचही जणांना आपलं काम कळतं. एअर कोरिएलच्या वळणाच्या पद्धतीत तीन रिसीव्हरना तीन आकडे मिळतात. वेस्ट कोस्ट पद्धतीवाले फॉर्मेशन, मोशन, प्रोटेक्शन, मार्ग असं लांबलचक वाक्य वाचतात. 2024पासून एफबीएसमध्ये हेल्मेटमध्ये रेडिओ आला आहे, पण प्ले क्लॉकवर 15 सेकंद उरले की तो बंद होतो. तोवर वाक्य ऐकून, समजून, पुढे पोचवायला हवं.

म्हणून ओळखीच्या कोऑर्डिनेटरमागे जाणारे क्वार्टरबॅक बहुतेकदा लवकर रुळतात. मायकल पेनिक्स इंडियानात होता, चारही हंगाम दुखापतीनं अर्धवट सुटले. मग तो वॉशिंग्टनला गेला, कारण तिथे केलेन डीबोअर हेड कोच झाला होता आणि 2019मध्ये इंडियानात तोच त्याचा कोऑर्डिनेटर होता. दोन वर्षांत वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यात आणि पेनिक्स ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत) आठवा. केलेब विल्यम्सही लिंकन रायलीच्या मागोमाग ओक्लाहोमातून यूएससीला गेला. तुमच्या मुलाला हायस्कूलमध्ये ज्या ज्या कोचनी ऑफर दिली होती त्यांची यादी काढा आणि आज प्रत्येक जण कुठे आहे ते शोधा. कोच सतत जागा बदलतात. फिल्म नसलेल्या मुलाला ओळखणारे तेवढेच असतात, त्यांनी तेव्हा त्याचं मूल्यमापन केलेलं असतं. बहुतेक वेळा नवी शाळा याच यादीतून मिळते.

डेप्थ चार्ट बघताना नुसती नावं बघू नका, कोण कितव्या वर्षाचं ते बघा. स्टार्टर शेवटच्या वर्षाचा आणि मागे दोन फ्रेशमन, ही चांगली जागा. स्टार्टर सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) असेल तर ‘स्पर्धा खुली आहे’ या वाक्यावर भाळू नका.

आणि लाइन. शिड्यूर सँडर्स 2023मध्ये कोलोरॅडोकडून खेळताना 52 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. चेंडू हातात धरून ठेवण्याची त्याची सवयही त्याला नडली, पण लाइन कच्ची असली की चांगल्या फिल्मचीही वाईट फिल्म होते. पाचपैकी किमान तीन सुरुवातीचे लाइनमन परत येताहेत का, हे विचारा. त्या संघाचे सगळे सामने यूट्यूबवर सापडतात, सॅक कुणाच्या चुकीमुळे झाला ते दोन-तीन सामन्यांत कळून चुकतं.

एक पायरी खाली जायला लाजू नका. जो फ्लॅको पिट्सबर्ग सोडून एफसीएसमधल्या (एफबीएसच्या खालच्या श्रेणीतल्या) डेलावेअरला गेला आणि 2008च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत निवडला गेला. कॅम वॉर्डला हायस्कूलनंतर स्कॉलरशिपची एकच ऑफर होती, इन्कार्नेट वर्डची, तीही एफसीएस. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि 2025च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला. खाली जाऊन बारा सामने खेळलेला मुलगा वर परत येऊ शकतो. वर बसून राहिलेल्याला पुन्हा वरच्या शाळा विचारत नाहीत. उलट बाजूही सांगतो: जेटी डॅनियल्स यूएससी, जॉर्जिया, वेस्ट व्हर्जिनिया, राइस अशा चार शाळांत खेळला आणि अखेर डोक्याच्या दुखापतींमुळे त्याला खेळ सोडावा लागला. तीन हस्तांतरांत तिन्ही वेळा नवं प्लेबुक आणि नवा लॉकर रूम. दुसऱ्यांदा बदलायची वेळ येणारच नाही अशी जागा पहिल्यांदाच शोधायची, आलीच तर ती वर चढण्यासाठी असावी.

प्रक्रिया तशी साधी आहे, घोळ क्रमात होतो. खिडकी उघडल्यावर मुलगा शाळेच्या कंप्लायन्स (नियमपालन) कार्यालयाला लेखी कळवतो, त्यासोबत एक ऑनलाइन माहितीसत्र पूर्ण करावं लागतं. शाळेनं दोन कामाच्या दिवसांत नाव पोर्टलमध्ये घालायचं असतं. नाव दिसल्यावरच दुसरे कोच थेट बोलू शकतात. त्याआधी बोलले तर ते टॅम्परिंग, म्हणजे नियमभंग. प्रत्यक्षात ओळखीच्या माणसांमार्फत कानोसा घेतला जातोच, मी नाटक करणार नाही, पण मुलाच्या फोनवरून असलं काही लिहू देऊ नका. खिडकी नाव घालण्याची असते, शाळा ठरवण्याची नव्हे. 16 तारखेपर्यंत निवडायची सक्ती नसते. पण विद्यापीठाची दिनदर्शिका वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी स्प्रिंग सत्र जानेवारीच्या मध्यात सुरू होतं आणि उशिरा प्रवेशाची मुदत त्यानंतर लवकरच संपते. ती चुकली की 15 स्प्रिंग सराव गेले. क्वार्टरबॅकसाठी ते ऑगस्टच्या कॅम्पपेक्षा मोलाचे, कारण ऑगस्टमध्ये स्टार्टर जवळजवळ ठरलेला असतो. शाळा आधी स्टार्टर पक्का करतात, मग बॅकअप घेतात, त्यामुळे तुमच्या मुलाला फोन पहिल्या तीन दिवसांत न येता दुसऱ्या आठवड्यात येतील. घाबरून पहिल्याला हो म्हणू नका.

नाव पोर्टलमध्ये गेलं की जुनी शाळा चालू सत्रानंतर स्कॉलरशिप बंद करू शकते. नाव मागे घेता येतं, पण परत घ्यायचं की नाही हे शाळेच्या मर्जीवर. 2025च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर (ज्यातून शाळा खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्या) तो स्वीकारलेल्या शाळांत फुटबॉलचा संघ 105 जणांवर मर्यादित झाला आहे, त्यामुळे ‘नाहीच जमलं तर वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवायचा खेळाडू) म्हणून राहीन’ ही जुनी पळवाटही अरुंद झाली. निदान दोन ठिकाणी खरा रस आहे याची खात्री असल्याशिवाय नाव घालू नये, असं माझं मत.

अभ्यासाचा भाग पालक सर्वांत शेवटी विचारतात, आणि अडतं तिथेच. एनसीएएचा (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा) मूळ मापदंड 40-60-80चा: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीच्या 40 टक्के, चौथ्याला 60, पाचव्याला 80. इथे फसगत अशी होते की टक्के नव्या शाळेतल्या नव्या पदवीचे धरले जातात. मुलानं 60 क्रेडिट मिळवले असतील, पण नव्या शाळेनं त्यातले 45च त्या पदवीला लागू धरले आणि पदवी 120ची असेल, तर 40ऐवजी साडेसदतीस टक्के. इंजिनिअरिंग किंवा बिझनेसमध्ये हे हमखास होतं, कारण तिथे कोर्स ठरावीक क्रमानं लागतात. आपल्याकडच्या घरांत मुलाला इंजिनिअरिंगच करायचं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. सही करण्याआधी नव्या शाळेकडून लेखी डिग्री ऑडिट मागा. ‘आमचे लोक बघून घेतील’ हे ऑडिट नव्हे. टक्केवारीचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं उत्तर तिथल्या कंप्लायन्सकडून लिहून घ्या.

पैसे. 1 जुलै 2021पासून खेळाडूला नाव आणि चेहऱ्याचे पैसे मिळू लागले. 1 जुलै 2025पासून शाळा स्वतः देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांसाठी मिळून प्रत्येक शाळेला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. बाहेरचा 600 डॉलर किंवा त्याहून जास्तीचा करार नोंदवून तपासून घ्यावा लागतो. बॅकअपला मोठे आकडे मिळत नाहीत, पण तोंडी आकडे कानावर येतात. सप्टेंबर 2024मध्ये युएनएलव्हीचा मॅथ्यू स्लुका, संघ 3-0 असताना, कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून संघ सोडून गेला. शाळेच्या खेळाडूंसाठी पैसे उभारणाऱ्या संस्थेच्या मते तसा औपचारिक प्रस्तावच नव्हता. कोण खरं ते बाजूला ठेवा, कागद नव्हता हे महत्त्वाचं. करारात चार गोष्टी शोधा: पैसे कोण देणार (शाळा की बाहेरची संस्था), हप्ते कधी, दुखापत झाली किंवा कोच बदलला तर काय, आणि मुदतीआधी निघाल्यास परत किती भरायचे. शेवटचं कलम अलीकडे बऱ्याच करारांत दिसतं, आणि ते पुन्हा निघण्याच्या वाटेवर भिंत घालतं. एनएफएलमध्ये एजंटच्या कमिशनला 3 टक्क्यांची मर्यादा आहे, कॉलेजात तशी देशभर लागू मर्यादा नाही, तेव्हा टक्केवारी वाचूनच सही करा.

हे पैसे बहुधा पगार म्हणून येत नाहीत, त्यातून कर कापलेला नसतो. मुलाला स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के कर आणि वर आयकर, तिमाही हप्त्यांनी स्वतः भरावा लागतो. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरभक्कम आहे, त्यामुळे समान दिसणाऱ्या दोन ऑफर समान नसतात.

मुलगा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, एफ-1 व्हिसावर असेल, तर यातलं काहीही सही करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. जाहिरातीत काम करणं हे कॅम्पसबाहेरचं काम धरलं जाऊ शकतं आणि त्याची किंमत फुटबॉलपेक्षा मोठी असते. शाळा बदलताना त्याचा सेव्हिस रेकॉर्डही (विद्यार्थी व्हिसाची सरकारी नोंद) वेळेत हलवावा लागतो. ते काम दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांचं आहे, फुटबॉल ऑफिसचं नाही. जानेवारीच्या गडबडीत कोचिंग स्टाफमधलं कुणी ते आठवून करेल ही अपेक्षा ठेवू नका, डिसेंबरमध्येच दोन्ही कार्यालयांना ईमेल करून ठेवा.